गिऱ्हाईक कोणाच्या वहीत? छोट्या व्यवसायांच्या ऑनलाइन जाहिरातीचा भारतातील इतिहास

छोट्या व्यवसायाने ऑनलाइन जाहिरात कशी करावी, या प्रश्नाची उत्तरे आज हवी तेवढी मिळतात. बहुतेक उत्तरे 'अमुक ॲप उघडा, तमुक बटण दाबा' अशी असतात. ती दोन वर्षांत शिळी होतात, कारण बटण बदलते आणि कधी कधी ॲपच नाहीसे होते. म्हणून या टिपणात आपण हाच व्यावहारिक प्रश्न इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. भारतातल्या दुकानदाराला, कारागिराला, लघुउद्योजकाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचे जे मार्ग गेल्या तीसेक वर्षांत आले, त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा आहे : व्यवहार झाल्यावर गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन कोणाच्या वहीत राहिले? दुकानदाराच्या की मध्यस्थाच्या?

तुम्ही हे टिपण परीक्षेसाठी वाचत असाल किंवा घरच्या दुकानासाठी, हा प्रश्न शेवटपर्यंत हाताशी ठेवा.

टपालाचा काळ

इंटरनेटच्या कितीतरी आधी भारतात दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकण्याची एक चांगली चाललेली पद्धत होती. मासिकात किंवा वर्तमानपत्रात दोन-चार ओळींची जाहिरात द्यायची, वाचक पोस्टकार्ड टाकतो, दुकानदार व्ही. पी. ने पार्सल पाठवतो, पोस्टमन पैसे घेऊन पार्सल देतो आणि पैसे मनीऑर्डरने दुकानदाराकडे पोचतात. पुस्तके, औषधे, बियाणे, घड्याळे अशी कितीतरी वस्तूंची विक्री या मार्गाने झाली. मराठी मासिकांच्या जुन्या अंकांची शेवटची पाने चाळलीत तर अशा जाहिराती रांगेने दिसतील.

यात जाहिरातीचे पैसे मासिकाला मिळत, पण पोस्टकार्ड दुकानदाराच्या घरी येई. त्यावर गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरात त्याचा पत्ता असे. पुढच्या वर्षी नवा माल आला की दुकानदार त्याच पत्त्यावर सूचिपत्र पाठवू शके, त्यासाठी मासिकाला पुन्हा पैसे द्यावे लागत नसत. पुढे आलेल्या प्रत्येक साधनाची तुलना या पोस्टकार्डाशी करून पाहा.

१९९५-९६ : फोन, फॅक्स आणि पहिल्या याद्या

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून चालणारी ती जोडणी संथ होती आणि महागही. छोट्या कारखानदाराकडे संगणकच नव्हता, मग ई-मेल कुठून असणार?

तरीही १९९६ मध्ये दिनेश अगरवाल आणि ब्रिजेश अगरवाल यांनी इंडियामार्ट सुरू केले. भारतीय निर्यातदारांची माहिती वेबवर मांडायची आणि परदेशातून येणारी चौकशी त्यांच्यापर्यंत पोचवायची, अशी कल्पना. चौकशी ई-मेलने यायची, पण ज्याच्यासाठी यायची त्याच्याकडे ई-मेल नसायचे. मग ती छापून फॅक्सने किंवा टपालाने पाठवली जाई. आज हे ऐकून हसू येते, पण नीट पाहिलेत तर हा व्यवहार चोख होता. कारखानदाराच्या हातात खरीदाराच्या नावासकट कागद पडत होता.

त्याच वर्षी मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी जस्ट डायल सुरू केले. त्याचा पाया इंटरनेट नसून साधा फोन होता. ८८८ ८८८८ हा लक्षात राहणारा क्रमांक फिरवायचा, 'अंधेरीत नळदुरुस्ती करणारा हवा' म्हणायचे आणि पलीकडची व्यक्ती नावे व फोन सांगणार. वेबसाइट पुढे २००७ मध्ये आली. सांगणाऱ्या व्यक्तीने कोणाचे नाव आधी सांगायचे, हा धंद्याचा खरा प्रश्न होता, आणि पैसे भरणाऱ्याचे नाव आधी, हे त्याचे उत्तर. शिवाय एकच चौकशी एकापेक्षा अधिक व्यावसायिकांकडे जाऊ लागली. गिऱ्हाइकाचा पत्ता दुकानदाराला मिळत होता, पण त्याच्याबरोबर त्याच्या स्पर्धकांनाही. पोस्टकार्ड आता तीन-चार घरी एकदम पडू लागले होते.

इथे एक व्यावहारिक मुद्दा सांगून ठेवतो. यादीत नाव घालणारा प्रतिनिधी 'महिन्याला इतक्या चौकश्या' असे आश्वासन देतो, तेव्हा त्याला विचारा : ती चौकशी मला एकट्याला, की आणखी किती जणांना? चौघांना एकदम गेलेल्या चौकशीत बहुधा जो पहिल्या पाच मिनिटांत फोन करतो त्याचे काम होते. दुकानात फोन उचलायला माणूस नसेल, तर अशा यादीचे पैसे वाया जातात.

बोलीचे यंत्र

यानंतरचा बदल या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा आहे. म्हणून इथे थोडे थांबू.

१९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या कंपनीने शोधाच्या निकालातल्या जागांचा लिलाव सुरू केला. एखाद्या शब्दासाठी जो प्रत्येक क्लिकमागे जास्त पैसे देईल तो वर. गूगलने २३ ऑक्टोबर २००० रोजी ॲडवर्ड्स सुरू केले ते सुमारे ३५० जाहिरातदारांसह, आणि २००२ मध्ये क्लिकमागे पैसे व लिलाव ही पद्धत घेतली. घेताना तिच्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. केवळ बोली बघायची नाही. लोक ती जाहिरात किती वेळा दाबतात तेही बघायचे.

सोप्या आकड्यांत पाहू. नळदुरुस्तीच्या शब्दासाठी दोन जाहिरातदार आहेत. पहिल्याची बोली क्लिकला २० रुपये, पण जाहिरात ढोबळ आहे. तिला गुण ३. दुसऱ्याची बोली १२ रुपये, पण जाहिरातीत भाग, वेळ आणि दर स्पष्ट लिहिले आहेत. तिला गुण ६. बोली गुणिले गुण असा हिशेब केला तर पहिल्याचे ६०, दुसऱ्याचे ७२. कमी बोलीचा माणूस वर येतो. आणि त्याला १२ रुपये द्यावेच लागतात असे नाही. पहिल्याच्या ६० ला मागे टाकण्यापुरते, म्हणजे ६० भागिले ६, १० रुपयांच्या किंचित वर एवढेच त्याच्याकडून घेतले जातात. आजच्या यंत्रात आणखी पुष्कळ घटक मिसळलेले आहेत, पण गाभा हाच.

यातून छोट्या व्यवसायाने घ्यायची गोष्ट अशी की स्पष्ट लिहिणे हे इथे अक्षरशः पैसे वाचवते. 'सर्वोत्तम सेवा, वाजवी दर' या ओळीला यंत्रात किंमत नाही. 'कोथरूड आणि वारजे, सकाळी ८ ते रात्री ९, तपासणी फी २०० रुपये' या ओळीला आहे. आणखी एक फायदा असा की ज्याला २०० रुपये परवडत नाहीत तो क्लिकच करत नाही, आणि तुमचे दहा रुपये वाचतात.

पण लिलावाची दुसरी बाजूही पाहायला हवी. एकाच शहरातले वीस नळदुरुस्तीवाले एकाच शब्दावर बोली लावू लागले की दर चढत जातो, आणि चढलेला दर लिलाव चालवणाऱ्याकडे जातो. म्हणून हिशेब स्वतः मांडावा. समजा १०० क्लिकना १,२०० रुपये गेले, त्यातून ६ फोन आले, त्यांपैकी २ कामे झाली. म्हणजे एक गिऱ्हाईक ६०० रुपयांना पडले. एका कामात खर्च वजा जाता ४०० रुपये सुटत असतील तर दर कामाला तुम्ही २०० रुपये घालवून बसला आहात. तेच गिऱ्हाईक वर्षात तीनदा परत आले आणि परतताना पुन्हा जाहिरात दाबून आले नाही, तर १,२०० रुपये सुटले आणि जाहिरात फायद्याची ठरली. सारा फरक त्या 'परत येण्या'त आहे, आणि परत येणे यासाठी अवलंबून आहे की त्याच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक आणि तुमच्या वहीत त्याचा क्रमांक उतरला की नाही. प्रकल्पासाठी व्यावसायिकांकडे जाणारे आमचे विद्यार्थी क्लिकचे तक्ते छान रंगवून आणतात; परत आलेल्या गिऱ्हाइकांचा रकाना मात्र बहुतेकदा रिकामा असतो.

स्वतःच्या नावासाठी बोली

लिलाव साध्या शब्दांपुरता मर्यादित राहिला नाही. स्पर्धकाच्या नावावरही बोली लावता येऊ लागली. भारतात याचा गाजलेला वाद माल-सामान हलवण्याच्या धंद्यातला. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे व्यापारचिन्ह असलेल्या डीआरएस लॉजिस्टिक्सची तक्रार अशी होती की त्यांचे नाव शोधणाऱ्यांना इतरांच्या जाहिराती दिसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की जाहिरातीसाठी व्यापारचिन्हाचा शोधशब्द म्हणून वापर हा 'वापर'च आहे आणि या कार्यक्रमात गूगल केवळ त्रयस्थ नाही. मात्र तेवढ्याने आपोआप चिन्हाचे उल्लंघन होत नाही. गिऱ्हाइकाची दिशाभूल होते का, हे पाहावे लागेल.

पोस्टकार्डाच्या काळात गिऱ्हाईक दुकानाचे नाव लिहून पत्र टाकी, आणि पोस्टमन ते शेजारच्या दुकानात टाकत नसे. आता आपल्याच नावाने शोधणारा माणूस आपल्यापर्यंत पोचावा म्हणूनही काहींना पैसे मोजावे लागतात. माझ्या मते हा बदल लिलावाच्या गणितापेक्षाही मोठा आहे. उपाय जुनाच : नाव वेगळे ठेवा, शक्य असेल तर त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करा. 'श्री गणेश ट्रेडर्स' हे नाव मंगल आहे, पण ते शोधणाऱ्याला तुम्ही सापडण्याची शक्यता थोडी.

फुकट मिळालेली घरे

.इन या डोमेनची नोंदणी २००५ मध्ये सर्वांना खुली झाली, देवनागरीतले.भारत २०१४ मध्ये आले. नियमितपणे वर्षाची रक्कम भरत राहिले की तो पत्ता तुमचा, मग वेबसाइट कोणत्याही कंपनीच्या संगणकावर ठेवा. तरीही बहुसंख्य छोट्या व्यावसायिकांनी डोमेन घेतले नाही. कारण फुकट काहीतरी नेहमी समोर होते.

नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने एका होस्टिंग कंपनीबरोबर भारतीय व्यवसायांसाठी मोहीम काढली. तीत वेबसाइट आणि .इन डोमेन पहिले वर्ष फुकट होते. दुसऱ्या वर्षी पैसे भरायचे. त्यानंतर ४ जानेवारी २०१७ रोजी दिल्लीत सुंदर पिचाई यांनी 'डिजिटल अनलॉक्ड' हा प्रशिक्षणाचा उपक्रम जाहीर केला आणि त्याचबरोबर स्मार्टफोनवरून काही मिनिटांत फुकट वेबसाइट बनवण्याची सोय सांगितली. पत्ता मिळे तो 'डॉट बिझनेस डॉट साइट' असा संपणारा. सोय खरोखर चांगली होती. ब्युटी पार्लर, टेलर, गॅरेज, शिकवण्या, कितीतरी जणांची ती पहिली वेबसाइट.

मार्च २०२४ मध्ये या सगळ्या वेबसाइट बंद झाल्या. १० जूनपर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्याला गूगलवरच्या नोंदीकडे वळवले गेले. त्यानंतर पत्ता मेला. ज्यांनी तो पाटीवर रंगवून घेतला होता, बिलबुकावर छापला होता, त्यांनी काय करायचे? सूचना दिली गेली होती, फसवणूक अशी काही नव्हती. घर दुसऱ्याच्या जमिनीवर होते आणि मालकाने जमीन परत घेतली, इतकेच.

नकाशावरची नोंद मात्र फुकट मिळते आणि ती जरूर करावी. तिची नावेही बदलत गेली : २००५ मध्ये लोकल बिझनेस सेंटर, पुढे प्लेसेस, २०१४ मध्ये माय बिझनेस, २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल. नोंदीत दुकानाचे नाव, पत्ता, फोन आणि वेळा पाटीवर आहेत अगदी तशाच लिहाव्यात आणि सगळीकडे एकसारख्या ठेवाव्यात. नोंद मालकाच्या स्वतःच्या खात्यातून करावी. भाचा किंवा एजन्सीवाला स्वतःच्या खात्यातून करतो, पुढे त्याच्याशी बिनसते आणि दुकानाची नोंद परत मिळवायला महिने लागतात. हे फार ठिकाणी घडते. अभिप्राय विकत घेऊ नयेत. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये मानक काढले आहे आणि खोट्या अभिप्रायांकडे ग्राहक संरक्षणाच्या नजरेने पाहिले जाते.

फेसबुक आणि व्हॉट्सॲप

फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस आणली नोव्हेंबर २००७ मध्ये. सुरुवातीला पेज 'लाइक' करणाऱ्यांना तुमची पोस्ट बऱ्यापैकी दिसे. म्हणून लोकांनी लाइक गोळा करण्यासाठीच पैसे खर्च केले. ऑगिल्व्हीने शंभरहून अधिक ब्रँड-पेजेस तपासली तेव्हा पैसे न भरता पोचण्याचे प्रमाण ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आले. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने मित्र-कुटुंबाच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि पेजेस आणखी मागे गेली. ज्याने पैसे देऊन दहा हजार लाइक मिळवले होते, त्याला त्याच दहा हजारांपर्यंत पोचण्यासाठी पुन्हा पैसे द्यावे लागू लागले.

टिकटॉकवर दुकान चालवणाऱ्यांचे तर २९ जून २०२० रोजी एका सरकारी आदेशाने संपले. बंदीची कारणे सुरक्षेची होती, दुकानदाराचा त्यात काही संबंध नव्हता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, त्याच वर्षी यूपीआय आले, आणि गिऱ्हाईक व दुकानदार दोघांच्याही हातात एकच साधन आले : फोन. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने छोट्या व्यवसायांसाठी वेगळे ॲप काढले, पुढच्या वर्षी त्यात मालाची सूची लावायची सोय दिली. लोकांनी ते भराभर उचलले याचे कारण ते पोस्टकार्डाच्या सर्वांत जवळ जाते. गिऱ्हाइकाचा क्रमांक दुकानदाराच्या फोनमध्ये असतो. ब्रॉडकास्ट यादीची जुनी मर्यादा २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच तो संदेश मिळतो. म्हणून बिल देताना एक वाक्य बोलायची सवय लावा : 'नंबर सेव्ह करून ठेवा ताई, नवा माल आला की फोटो पाठवतो.' आणि महिन्यातून दोनदाच पाठवा. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह शुभेच्छा पाठवणाऱ्याचा क्रमांक लोक गुपचूप ब्लॉक करतात.

फोनमधली यादीही फोनपुरतीच ठेवू नका. फोन हरवतो, खाते बंद पडते. दर महिन्याला ती साध्या तक्त्यात उतरवा : नाव, फोन, काय घेतले, कधी घेतले.

मोठ्या बाजारपेठांबद्दल

बाझी डॉट कॉम, फ्लिपकार्ट, ॲमेझॉन यांच्यावर स्वतंत्र टिपण होईल. आपल्या प्रश्नापुरते एवढे पुरे की तिथे गिऱ्हाईक बाजारपेठेचे असते. विक्रेत्याकडे उरते ते पार्सल बांधण्याचे काम आणि अभिप्रायाची धास्ती. पडून असलेला माल हलवायला, नव्या गावातली मागणी अजमावायला ही जागा चांगली. विक्रेता आणि ग्राहक वेगवेगळ्या ॲपवर असूनही व्यवहार व्हावा म्हणून सरकारच्या पुढाकाराने ओएनडीसी ही संस्था डिसेंबर २०२१ अखेर स्थापन झाली, आणि २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बेंगळुरू, भोपाळ, शिलाँग व कोइंबतूर इथे चाचणी सुरू झाली. कल्पना रास्त आहे. किराणा दुकानदाराला तिचा कितपत उपयोग होतो, ते गावागणिक वेगळे दिसते.

वही आणि कायदा

गिऱ्हाइकाची यादी ही मौल्यवान वस्तू आहे हे दुकानदारांच्या आधी यादी विकणाऱ्यांनी ओळखले होते. फोनवरच्या त्रासाला कंटाळून २००७ मध्ये 'कॉल करू नका' नोंदवही सुरू झाली. २०१० चे आणि मग २०१८ चे ट्रायचे नियम आले. आता व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा साचा दोन्ही आधी नोंदवावे लागतात. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी काटेकोरपणे लागू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि काही दिवस ती स्थगित करावी लागली. तेव्हा 'एक लाख नंबर फक्त अमुक रुपयांत' असे कोणी विकायला आला तर घेऊ नका. ते नंबर तुमचे गिऱ्हाईक नाहीत, आणि त्यांना संदेश पाठवणे तुम्हाला अडचणीत आणेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कागदाची वही त्याच्या कक्षेत नाही, पण तीच वही तुम्ही संगणकात किंवा फोनमध्ये उतरवलीत की आली. माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायचे, त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणेही सोपे ठेवायचे, ही त्यातली मुख्य तत्त्वे. छोट्या दुकानाने बिलाच्या खाली दोन ओळी छापून सुरुवात करावी : 'नवीन मालाची माहिती पाठवण्यासाठी आम्ही आपला क्रमांक ठेवतो. नको असल्यास याच क्रमांकावर नको असे कळवा, आम्ही तो काढून टाकू.' संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय गिऱ्हाइकाला असावा, असे कायदा सांगतो. म्हणजे सोलापुरातल्या दुकानाच्या गिऱ्हाइकाला ती मराठीत मागता येईल आणि तेलुगूतही.